१८ पूर्ण झाली म्हणजे मतदार झालो का? पहिल्या मतदार नोंदणीबद्दल सगळं काही

१५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबईकरांना तर नगरसेवक निवडण्यासाठी जवळपास नऊ वर्षं थांबावं लागलं होतं. त्याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं.

पण मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण असूनही काही तरुणांना बोटाला शाई लावून घेता आली नाही. राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ या दिवशी अस्तित्वात असलेली मतदार यादी वापरली होती. म्हणजे ज्याचा अठरावा वाढदिवस ऑगस्ट २०२५ मध्ये होता, तो जानेवारीत वयाने प्रौढ होता, पण यादीत नव्हता. ज्याला जूनमध्येच १८ वर्षं पूर्ण झाली होती, पण ज्याने अर्ज 'नंतर करू' म्हणून ठेवून दिला, तोही बाहेरच राहिला. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते. निवडणूक वेळेवर झाली तरी पुढच्या वेळी हे तरुण २३ वर्षांचे असतील.

'१८ वर्षं पूर्ण झाली की मतदानाचा हक्क मिळतो', हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे मतदार यादी. त्या यादीत नाव कसं येतं, कधी येतं आणि कुठे अडतं, ते समजून घेऊ.

कायदा नेमकं काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये प्रौढ मताधिकाराची तरतूद आहे. सुरुवातीला त्यासाठी वयाची अट २१ वर्षांची होती. राजीव गांधी पंतप्रधान असताना ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून ही अट १८ वर्षांवर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या १८ ते २० वयाच्या तरुणांनी पहिल्यांदा लोकसभेसाठी मत दिलं.

या अनुच्छेदातला एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. पात्र नागरिकाला 'मतदार म्हणून नोंदणी होण्याचा' हक्क आहे, अशी त्याची रचना आहे. म्हणजे वयामुळे माणूस नोंदणीला पात्र होतो. पुढचं काम लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ करतं. त्यानुसार ज्याचं नाव मतदारसंघाच्या यादीत आहे, त्यालाच तिथे मत देता येतं. यादीत नाव नसेल, तर आधार, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र असं काहीही दाखवलं तरी मतदान केंद्रावरून परत यावं लागतं.

भारतात हे नाव आपोआप येत नाही. शाळेत वय नोंदलेलं असतं, आधारमध्ये जन्मतारीख असते, तरी अठरावा वाढदिवस झाला म्हणून कुणी परस्पर नाव टाकत नाही. अर्ज करावाच लागतो.

कोणत्या तारखेला १८ पूर्ण हवीत?

यासाठी 'अर्हता दिनांक' हा शब्द कळायला हवा. ज्या तारखेला वय मोजून माणूस पात्र आहे की नाही हे ठरतं, ती तारीख म्हणजे अर्हता दिनांक.

आधी वर्षात अशी एकच तारीख होती, १ जानेवारी. त्यामुळे २ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण करणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागायचं. यादीत नाव येईपर्यंत तो जवळपास १९ वर्षांचा झालेला असायचा. मधल्या काळात लोकसभा किंवा विधानसभा निवडणूक झाली, तर ती हुकायची.

२०२१ मध्ये निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक आले:

- १ जानेवारी
- १ एप्रिल
- १ जुलै
- १ ऑक्टोबर

यातल्या ज्या तारखेला किंवा त्याआधी १८ वर्षं पूर्ण होतात, त्या तारखेपासून नाव यादीत येऊ शकतं. उदाहरणार्थ, एखाद्या मुलीला १० एप्रिलला १८ वर्षं पूर्ण झाली, तर तिच्यासाठी १ जुलै ही तारीख लागू होते. २० ऑक्टोबरला १८ पूर्ण करणाऱ्या मुलासाठी पुढच्या वर्षीची १ जानेवारी. आता जास्तीत जास्त तीन महिने थांबावं लागतं.

१७ व्या वर्षी अर्ज करता येतो?

हो. ही सोय अजून बऱ्याच घरांत माहीत नाही. भारत निवडणूक आयोगाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येईल. ज्या तिमाहीच्या अर्हता दिनांकाला १८ वर्षं पूर्ण होतील, त्या वेळी अर्जावर कार्यवाही होऊन नाव यादीत येतं.

याचा अर्थ १७ व्या वर्षी मतदान करता येतं असा नाही. नाव १८ पूर्ण झाल्यावरच येतं. पण बारावीची परीक्षा, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या आणि गाव सोडून दुसऱ्या शहरात जाणं हे सगळं नेमकं १८ च्या आसपासच येतं. त्या गडबडीत अर्ज राहून जातो. अकरावी-बारावीत, घरी असतानाच अर्ज केला, तर कागदपत्रं हाताशी असतात आणि पडताळणीला कुणी आलं तर घरच्यांना सांगता येतं.

अर्ज कोणता आणि कुठे करायचा?

नव्या मतदारासाठी नमुना ६, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेला 'फॉर्म ६'. त्यासाठी कोणतंही शुल्क नाही. तो दोन प्रकारे भरता येतो.

ऑनलाइन: भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर. मोबाइल क्रमांक टाकून खातं उघडायचं, अर्ज भरायचा, फोटो आणि कागदपत्रं अपलोड करायची.

ऑफलाइन: आपल्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी यांच्याकडे, किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत. बीएलओ हे बहुतेकदा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा इतर सरकारी कर्मचारी असतात. गावात ते कोण आहेत हे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत सहज कळतं. शहरात १९५० या हेल्पलाइनवर विचारता येतं. अनेक कॉलेजांमध्ये मतदार साक्षरता मंडळं आहेत आणि तिथेही नोंदणीची शिबिरं होतात.

अर्ज दिला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवायचा. अर्ज कुठे अडला आहे हे पुढे त्यावरूनच कळतं.

कोणती कागदपत्रं लागतात?

अर्जासोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, समोरून काढलेला पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो लागतो. त्याशिवाय वयाचा एक आणि पत्त्याचा एक पुरावा.

वयासाठी यातलं एक चालतं:
- जन्म दाखला
- दहावी किंवा बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र
- आधार कार्ड
- पॅन कार्ड
- वाहन चालवण्याचा परवाना
- भारतीय पासपोर्ट

पत्त्यासाठी यातलं एक, अर्जदाराच्या किंवा आईवडिलांच्या नावाचं:
- वीज, पाणी किंवा गॅसचं बिल
- आधार कार्ड
- बँक किंवा पोस्टाचं चालू पासबुक
- भारतीय पासपोर्ट
- महसूल खात्याच्या जमिनीच्या नोंदी
- नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत

यातलं काहीच नसेल म्हणून नोंदणीचा हक्क जात नाही. अशा वेळी बीएलओने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करणं बंधनकारक आहे. बेघर माणसाचंही नाव यादीत येऊ शकतं. त्याने सांगितलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे बीएलओ रात्री जाऊन पाहतो.

आधार सक्तीचं आहे का?

फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचा रकाना असतो, त्यामुळे हा गोंधळ होतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार मतदार नोंदणीसाठी आधार देणं ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयातही आधार क्रमांक सक्तीचा नसल्याचं सांगितलं. दिलं तर काम सोपं होतं. नसेल तर दुसरी कागदपत्रं चालतात.

फॉर्म भरताना चुका कुठे होतात?

नावात. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं आणि मराठीत तिसरंच, असं अनेकांचं असतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारी मराठीत ते आपोआप उमटतं, आणि तिथे 'पाटील'चं 'पतिल' व्हायला वेळ लागत नाही. यादीत तेच छापलं जातं. म्हणून अर्ज पाठवण्याआधी मराठी रकाना नीट वाचायला हवा. नाव आणि आडनावाचे रकाने वेगळे असतात, तिथेही अदलाबदल होते.

नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचंच नाव हवं असं नाही. आई, वडील, पती, पत्नी किंवा कायदेशीर पालक यांच्यापैकी कुणाचंही चालतं. तृतीयपंथी व्यक्तीला गुरूचं नाव देता येतं.

नावाच्या या रकान्याला मोठा इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत असताना उत्तरेकडच्या अनेक भागांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली गेली. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला. खरं नाव न मिळाल्याने सुमारे २८ लाख महिला यादीतून वगळल्या गेल्या. कोणाची तरी नातेवाईक म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने नोंद व्हावी ही अट तेव्हापासूनची.

घरातल्या कुणाचं नाव आधीच यादीत असेल, तर त्यांचा मतदार ओळखपत्र क्रमांक अर्जात देता येतो. त्यामुळे नव्या मतदाराचं नाव घरच्यांच्याच यादी भागात जाणं सोपं होतं. अपंगत्व असेल तर तेही नोंदवता येतं. मतदान केंद्रावर रॅम्प, चाकाची खुर्ची अशा सोयी करताना त्याचा उपयोग होतो.

गाव की हॉस्टेल? नाव कुठे नोंदवायचं?

पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा लातूरचा मुलगा, मुंबईत नर्सिंग शिकणारी रत्नागिरीची मुलगी, कोल्हापुरात इंजिनिअरिंगला असलेला सोलापूरचा मुलगा. १८-१९ वयाच्या मतदाराला सगळ्यात जास्त हाच प्रश्न पडतो.

कायदा 'सामान्यतः रहिवासी' असा शब्द वापरतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये दोन गोष्टी आहेत. एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि कामासाठी, शिक्षणासाठी तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून मूळ ठिकाणचं रहिवासीपण संपत नाही.

म्हणून हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवड करता येते: आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदणी करायची किंवा हॉस्टेलच्या. हॉस्टेलचा पत्ता हवा असेल तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असावा लागतो आणि प्राचार्य, कुलसचिव किंवा संस्थाप्रमुखांचं बोनाफाइड प्रमाणपत्र जोडावं लागतं.

कॉट बेसिसवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. घरमालक अनेकदा नोंदणीकृत करार करून देत नाही आणि वीजबिल मालकाच्याच नावाचं असतं. अशा विद्यार्थ्याला गावाकडे नोंदणी करणं सोपं जातं, पण मग मतदानाला गावी जावं लागतं. मतदाराला ऑनलाइन किंवा पोस्टाने मत पाठवता येत नाही. टपाली मतदान सैनिक, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, ठरावीक वयावरचे ज्येष्ठ आणि अपंग अशा मोजक्यांसाठीच आहे. विद्यार्थी त्यात नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या तरुणांचंही हेच होतं. नाव बीडच्या गावात आणि मतदानाच्या दिवशी माणूस कारखान्याच्या फडावर.

म्हणून पत्ता ठरवताना पुढची तीन-चार वर्षं बहुतेक काळ कुठे जाणार आहे, हा विचार उपयोगी पडतो. एक गोष्ट मात्र पक्की: दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तिथेही एकदाच असू शकतं. फॉर्म ६ मध्ये 'माझं नाव इतर कुठे नाही' असं लिहून द्यावं लागतं. त्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नंतर पत्ता बदलला तर पुन्हा फॉर्म ६ भरायचा नसतो. त्यासाठी फॉर्म ८ आहे. लग्नानंतर सासरी गेलेल्या मुलीचं नाव हलवणं, स्पेलिंग दुरुस्त करणं, हरवलेल्या ओळखपत्राऐवजी दुसरं मिळवणं ही सगळी कामं याच एका फॉर्मने होतात. पत्ता बदलल्यावर अनेक जण चुकून नवा फॉर्म ६ भरतात आणि यादीत दुबार नावं तयार होतात.

परदेशात शिकणाऱ्यांचं काय?

शिक्षणासाठी जर्मनी, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला फॉर्म ६ए भरून नोंदणी करता येते. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, त्या मतदारसंघात नाव येतं. मत देण्यासाठी मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर यावं लागतं.

अर्ज केल्यानंतर काय होतं?

अर्ज मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. महाराष्ट्रात हे काम सहसा प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी करतात आणि त्यांच्या हाताखाली तहसीलदार असतात. आलेल्या अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस प्रसिद्ध केली जाते. दरम्यान बीएलओ पत्त्यावर येऊन खातरजमा करतात. घराला कुलूप असेल, शेजाऱ्यांनी 'इथे असं कुणी राहत नाही' म्हटलं, तर अर्ज तिथेच अडू शकतो. त्यामुळे घरच्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवणं हा साधा उपाय आहे.

अर्ज मंजूर झाला की नाव यादीत येतं आणि मतदार ओळखपत्र पोस्टाने घरी येतं. नोंद झाल्यापासून १५ दिवसांत ओळखपत्र पोहोचवण्याची पद्धत आयोगाने जून २०२५ मध्ये जाहीर केली. मोबाइलवर डाउनलोड करता येणारं ई-ओळखपत्र २५ जानेवारी २०२१ पासून उपलब्ध आहे.

अर्ज फेटाळला तर? निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील करता येतं. कागद अपुरे असल्याने अर्ज नाकारला गेला असेल, तर पूर्ण कागदांसह नवा अर्ज करणं बहुतेकदा जास्त लवकर होतं.

ओळखपत्र आहे म्हणजे मत देता येईल?

नाही, आणि हा गैरसमज जुन्या मतदारांमध्येही आहे. ओळखपत्र फक्त माणूस कोण आहे ते सांगतं. मत देता येणार की नाही, ते यादी ठरवते. नाव वगळलं गेलं असेल, तर ओळखपत्र खिशात असून उपयोग नसतो.

उलट, नाव यादीत आहे पण ओळखपत्र हाती आलेलं नाही, अशा वेळी मत देता येतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, अपंगत्वाचं युनिक ओळखपत्र अशी पर्यायी कागदपत्रं आयोग मान्य करतो. कॉलेजचं ओळखपत्र त्या यादीत नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर चालेल?

विधानसभा आणि लोकसभेच्या बाबतीत थोडा वेळ मिळतो, पण फारच थोडा. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता, वगळता किंवा बदलता येत नाही. हरकतींचे सात दिवस धरले, तर नोंदणीचा अर्ज त्याच्या साधारण दहा दिवस आधी पोहोचायला हवा.

२०२४ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक आठवून पाहा. निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारीची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. नोंदणीसाठी मुदत होती १९ ऑक्टोबरपर्यंत. मतदान २० नोव्हेंबरला झालं. म्हणजे घोषणा ऐकून जागं झालेल्याच्या हातात चार दिवस होते, आणि प्रचार खऱ्या अर्थाने रंगला तेव्हा यादी केव्हाच बंद झाली होती.

महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एवढीही सवलत नाही. कारण तिथली व्यवस्था वेगळी आहे.

दोन आयोग, एक यादी

लोकसभा आणि विधानसभा निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्रात राज्य आयोग स्वतःची वेगळी नोंदणी करत नाही. एका ठरावीक दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी तो घेतो आणि प्रभागांनुसार विभागतो. प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात, पण त्या चुकीच्या प्रभागात गेलेली नावं, लेखनाच्या चुका, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत सुटलेलं नाव अशा गोष्टींसाठी असतात. विधानसभेच्या यादीत नसलेलं नवं नाव तिथे घालता येत नाही.

म्हणूनच जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी निर्णायक ठरली. मधल्या साडेसहा महिन्यांत १८ पूर्ण करणाऱ्यांना त्या निवडणुकीपुरता मार्गच नव्हता. पण त्याआधी १८ पूर्ण झालेल्यांना होता. रस्त्यावरचे खड्डे, नळाचं पाणी, शहर बसचे मार्ग, कचरा हे विषय ज्या निवडणुकीत ठरतात, नेमकी त्याच निवडणुकीची दारं सगळ्यात आधी बंद होतात.

विशेष सखोल पुनरीक्षणात नवा मतदार काय करेल?

२०२५ मध्ये बिहारपासून आयोगाने मतदार याद्यांचं 'विशेष सखोल पुनरीक्षण' सुरू केलं. बोलण्यात त्याला 'एसआयआर' म्हणतात. २७ ऑक्टोबर २०२५ ला दुसऱ्या टप्प्यात गोव्यासह १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत ते जाहीर झालं. ज्या राज्यात हे पुनरीक्षण सुरू असेल, तिथे नव्या मतदाराला फॉर्म ६ सोबत एक घोषणापत्रही द्यावं लागतं. त्यामुळे अर्ज करण्याआधी आपल्या राज्यात ते सुरू आहे का, हे बीएलओंना किंवा १९५० वर विचारून घेणं बरं.

किती तरुण यादीत आहेत?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीवेळी देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. त्यात १८-१९ वयोगटातले, म्हणजे बहुतेक पहिल्यांदाच मत देणारे, सुमारे १.८ कोटी होते. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ९.७ कोटी मतदारांपैकी १८-१९ वयाचे सुमारे २२ लाख होते. देशातल्या या वयाच्या लोकसंख्येशी हा आकडा लावून पाहिला, तर निम्म्याहून अधिक मुलं-मुली यादीबाहेर असल्याचं दिसतं.

यामागे राजकारणाबद्दलचा कंटाळा हे एकच कारण नसतं. गाव सुटलेलं असतं, नवा पत्ता पक्का नसतो, मुलीचं लग्न ठरणार म्हणून 'सासरीच नोंदवू' असं घरी ठरलेलं असतं, आणि निवडणूक लांब आहे असं वाटत असतं. लांब असतानाच नोंदणी होते, हे मात्र लक्षात राहत नाही.

थोडक्यात काय करायचं?

- १७ वर्षं पूर्ण झाली असतील तर फॉर्म ६ आत्ताच भरता येतो.
- पत्ता एकच निवडायचा: जिथे मतदानाच्या दिवशी खरोखर पोहोचता येईल तो.
- मराठी नावाचं स्पेलिंग तपासून मगच अर्ज पाठवायचा आणि संदर्भ क्रमांक जपायचा.
- पडताळणीबद्दल घरच्यांना कल्पना द्यायची.
- ओळखपत्र आलं तरी मतदार सेवा पोर्टलवर यादीत नाव शोधायचं आणि आपला भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून ठेवायचा.
- दरवर्षी प्रारूप यादी प्रसिद्ध होते. तेव्हा, आणि कोणतीही निवडणूक जवळ आल्यासारखी वाटली की, नाव पुन्हा तपासायचं.

नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. ते नाहीये हे मतदान केंद्राच्या रांगेत कळलं, तर त्या दिवशी कुणालाच काही करता येत नाही.